माझ्या आधीचं एक कात्रण

निकमकाकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्यावर लिही असं मला कुणी म्हटलेलं नाही. आई तर म्हणाली, "कशाला उकरतीस?" पण परवा बसस्टँडवर शेजारच्या बाईनं भज्यांचा कागद पसरला, तो कुठल्यातरी जुन्या मासिकाचा होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, जरा पाठीमागची बाजू बघू द्या." त्या बाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसले. ही खोड काकांची. छापील कागदाला दोन अंगं असतात आणि आपल्याला हवं ते नेहमी दुसऱ्या अंगाला असतं, असं ते म्हणायचे. माणूस गेला आणि खोड मला लावून गेला, आता बोला.

पुंडलिकनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि आई सहा वर्षं भाड्यानं राहिलो. मी बिडकीनच्या एका शाळेत शिकवते, रोज जाऊन येऊन. घर बघायला गेले तेव्हा जिन्यातच सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध आहोत." हे मी आधीच सांगते. नंतर कळून वाकडी झालेली तोंडं बघायचा मला कंटाळा आलाय. काका क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. उंच, वाळलेला, सत्तरीचा माणूस, अंगात बंडी, बोटांना वाळलेली खळ. मग म्हणाले, "पाणी आठ दिवसाला येतं. त्या दिवशी घरी कुणीतरी पाहिजे. बाकी काय नाय." मला वाटलं, चला, बरं माणूस भेटलं. ते तसं होतंही. नुसतं तेवढंच असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

काका मूळचे पिशोरचे. शेत भावाच्या हवाली करून ते शहरात आले आणि एका कौटुंबिक साप्ताहिकाच्या इथल्या कचेरीत जाहिरातींच्या खिडकीवर बसले, ते निवृत्त होईपर्यंत. 'वधू पाहिजे', 'वर पाहिजे' हे त्यांचं खातं. लोक यायचे, आपल्या पोरीची, घराण्याची, भाऊबंदकीची सगळी कहाणी खिडकीतनं आत ओतायचे, आणि काका ती वीस-पंचवीस शब्दांत बसवून द्यायचे. शब्दागणिक आकार पडायचा म्हणून थोडक्यात हवं असायचं, आणि चारचौघांत वाचलं जाणार म्हणून सभ्यही हवं असायचं. दोन्ही एकदम साधणारा माणूस म्हणून काकांचं नाव होतं. कन्नड-वैजापूरकडचे लोक मुद्दाम त्यांच्या पाळीला यायचे.

ती सवय जिभेवर शेवटपर्यंत राहिली. कुणाचंही वर्णन जाहिरातीत. "दूधवाला: वक्तशीर, निर्व्यसनी, पाणी समाविष्ट." माझ्या आईला म्हणाले, "अनुभवी, स्पष्टवक्ती, चहा उत्तम." आई खूश. माझ्यावर नजर टाकून म्हणाले, "शिक्षिका, स्वावलंबी, शीघ्रकोपी, स्वयंपाक कामापुरता." मी म्हटलं, "आणि तुमचं काय?" तर म्हणाले, "विधुर, पेन्शनर. पुढचं छापण्यासारखं नाय."

निवृत्त झाल्यावर हा माणूस कात्रणं गोळा करत होता. मंगळवारी सकाळी पिशवी घेऊन शहागंजात रद्दीवाल्यांकडं जायचा, तिथं उकिडवं बसून जुनी मासिकं, साप्ताहिकं चाळायचा, किलोवर घेऊन यायचा. ब्लेड आणि स्टीलची पट्टी लावून जाहिरात कापायची, त्याआधी कागदाची पाठ तपासायची, मग मैद्याची खळ लावून वहीत चिकटवायची. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडा लागत नाही. कात्रणाखाली बारीक अक्षरात अंकाची तारीख. चार जाडजूड बांधीव वह्या होत्या, प्रत्येकीवर पांढरी पट्टी: रंग, उंची, पत्रिका, नोकरी.

त्या वह्या बघत बसण्यात माझ्या कितीतरी रविवार दुपारी गेल्या. काका समजावून सांगायचे. "हे बघा मॅडम, इथं 'गोरी पाहिजे'. इथनं पुढं 'गोरी' कमी होत जाती आन 'उजळ' येती. लोक सुधारले का? नाय. शब्द सुधारला." नोकरीच्या वहीत आधी 'नोकरी करणारी नको', मग 'नोकरी चालेल', मग 'नोकरी असल्यास प्राधान्य'. त्यावर म्हणायचे, "एवढ्या थोरामोठ्यांनी उपदेश केला तो गेला वाया. महागाईनं दहा वर्षांत मत बदललं." आणि वही मिटताना ठरलेलं वाक्य: "पुरावा हाय हा. उद्या कुणी म्हणलं, आमच्या घरात असलं काय नव्हतं, तर वही उघडून तोंडापुढं धरायची."

आणि ते एक कात्रण शोधत होते. एकच. ते सापडलं की जालन्याला दिलेल्या लेकीला, वंदनाताईंना दाखवायचं होतं. एवढं मला पहिल्या महिन्यातच कळलं, कारण दर मंगळवारी ते परत आले की आई विचारायची, "घावलं का?" आणि ते मान हलवायचे. कशाचं कात्रण, हे कळायला चार वर्षं लागली.

त्या घरात मला कधीकधी भीती वाटायची, हेही सांगून टाकते. खालच्या खोलीला गल्लीकडं गजांची खिडकी होती आणि काकांनी टेबल बरोबर त्या खिडकीला लावलेलं. संध्याकाळी मी बसवरून उतरून घराकडं यायची तर आतनं बोलणं ऐकू यायचं. एक बाई बोलतेय, घाबरी, खेड्यातली. मग एक पुरुष, खाकरून, तोलून मापून. मग एखादा म्हातारा रडवेला. खिडकीशी यावं तर आत काका एकटे, पुढ्यात वही. ते जाहिराती मोठ्यानं वाचायचे, आणि जी जाहिरात ज्यानं आणून दिली होती त्याच्या आवाजात वाचायचे. शेकड्यानं माणसं त्यांच्या कानात राहिली होती. मधेच वाचणं थांबवून खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "अजून दोन शब्द कमी करा." बाहेर कुणी नसायचं. आई एकदा जेवता जेवता म्हणाली, "त्या माणसाच्या घरात लई माणसं हायेत गं." मी हसले नाही.

हसण्यासारखंही व्हायचं. शेजारचे पवार एकदा गंमत म्हणून आपल्या लग्नाची जाहिरात शोधायला आले. बायकोलाही घेऊन आले. काकांनी दहा मिनिटांत काढून दिली. पवारांनी मोठ्या हौसेनं वाचायला घेतली, "उच्चशिक्षित, शासकीय नोकरी, हुंड्याची अपेक्षा नाही, मुलगी अत्यंत गोरी..." आणि गप्प झाले. पवारकाकू सावळ्या आहेत, चांगल्या तजेलदार सावळ्या. त्या म्हणाल्या, "मंग मी कशी काय चालले?" पवार म्हणाले, अण्णांनी दिली होती जाहिरात, मला काय माहीत. काकू म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं, पर 'अत्यंत' तुम्ही आज वाचताना बी जोरात म्हणलात." पुढं आठवडाभर पवारांच्या डब्यात फोडणीचा भात होता, हे आम्हाला वासावरून कळायचं.

विद्यापीठातल्या दोन मुलीही एकदा आल्या होत्या, प्रोजेक्टसाठी. मोबाइलवर फोटो काढत होत्या, खिदळत होत्या. 'निर्व्यंग' वाचून हसल्या, 'घटस्फोटित, निर्दोष' वाचून तर एकीला ठसकाच लागला. दुसरी, डोक्यावर दुपट्टा घेतलेली, शांत, तिनं विचारलं, "अंकल, ये सब लिखते कौन थे?" काका म्हणाले, "लोगाँ लिखते थे बेटा." ती म्हणाली, "नहीं, मतलब लफ्ज़ किसके थे? सबकी बोली एक जैसी है." काकांनी वही मिटली आणि पाणी प्यायला आत गेले. मुली गेल्यावर मला म्हणाले, "हुशार पोरगी. पाठीमागची बाजू बघितली तिनं."

मग तो पाण्याचा दिवस आला. काका शहागंजला गेलेले, मी मोटार लावून विसरले, टाकी भरून वाहिली आणि पाणी जिन्यानं त्यांच्या खोलीत शिरलं. मी आणि आईनं धावत जाऊन वह्या उचलल्या. चार मोजल्या, तर कपाटाखाली आणखी एक निघाली. हिच्यावर पट्टी नव्हती. खालचा पुठ्ठा भिजला होता म्हणून पानं सुटी करायला मी ती उघडली.

सगळ्या पानांवर एकच ओळ होती. जाहिराती वेगवेगळ्या, गावं वेगळी, शिक्षणं वेगळी, आणि प्रत्येकीत 'जातीची अट नाही' असं मोठ्या मनानं लिहून पुढं: 'एस.सी., एस.टी. क्षमस्व.' काकांनी प्रत्येक ठिकाणी त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारलेली. ही ओळ मला नवी नव्हती. लहानपणी ते साप्ताहिक आमच्याकडंही यायचं, वडिलांना शब्दकोडं सोडवायची आवड. मी शेवटची पानं वाचायची आणि त्या ओळीपाशी आले की पान उलटायची. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. पण शंभर-सव्वाशे पानं सलग तेच, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी ओल्या फरशीवर बसूनच राहिले.

काका दारात कधी आले कळलं नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "ती तुम्हाला दाखवायची नव्हती," म्हणाले.

"का? मला माहीत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

ते खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले, आणि संध्याकाळी वाचायचे तसं एकदाही आवाज बदलून बोलले नाहीत.

वंदनाताई सातवीत असतानाची गोष्ट. एक हेडमास्तर मुलासाठी जाहिरात घेऊन खिडकीवर आले. सुधारक माणूस, सभांतून भाषणं करणारा. त्यांना 'जातीची अट नाही' लिहायचं होतं, पण तेवढ्या अर्थानं नको होतं. कसं लिहावं सुचेना, ओशाळून उभे राहिले. काका म्हणाले, "गुरुजी, शेवटी 'क्षमस्व' टाका. एका शब्दात भागतं आन कुणाचं मन बी दुखत नाय." हेडमास्तरांचा चेहरा उजळला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं विचारलं, काकांनी त्यालाही तेच दिलं. सहा महिन्यांत लोक ते आपणहून लिहून आणायला लागले. घरी जेवताना काकांनी हे कौतुकानं सांगितलं होतं. सगळं घर हसलं होतं, सातवीतली पोरगीही.

दहा वर्षांनी ती पोरगी कॉलेजात एका मुलावर जीव लावून बसली. मुलगा बौद्ध, बँकेत नुकता लागलेला. तिनं बापाला सगळं सांगितलं, भांडली नाही. तिनं एकच मागितलं: माझी जाहिरात द्याल तेव्हा त्यात 'जातीची अट नाही' एवढं लिहा. तिचा बेत साधा होता. साप्ताहिकात नाव छापत नसत, नुसता पेटी क्रमांक असायचा, उत्तरं कचेरीत यायची. त्या मुलानं रीतसर त्या पेटीला उत्तर पाठवायचं, म्हणजे स्थळ आपणहून चालून आलं असं होईल, भावकीपुढं बापाची मान खाली जाणार नाही. पळून जायचं नाही, कुणाला दुखवायचं नाही. काकांनी कबूल केलं. तिनं त्या मुलाला कुठला अंक बघायचा तेही कळवलं.

"मग मी लिहायला बसलो," काका म्हणाले. "'जातीची अट नाही' लिहिलं. आन हात पुढं गेला. सवयीनं गेला म्हणा, पिशोरच्या भावकीच्या भ्यानं गेला म्हणा. गेला. मी खोडलं नाय."

आठवड्यानं पेटीला एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. आत फक्त ती जाहिरात, नीट चारी बाजूंनी कापलेली. वहीत पहिल्या पानावर चिकटवलेलं कात्रण तेच. काकांनी ते स्वतः कापलेलं नव्हतं.

वंदनाताईंनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "सगळेच तसं लिहितात गं. ती पद्धतच हाय." ती म्हणाली, "शब्द तुम्ही काढलात, बाबा. जेवताना सांगितलं होतंत." काका म्हणाले, "माझ्या आधीही लोक लिहायचेच." आणि ती म्हणाली, "मग दाखवा. तुमच्या आधीचं एक दाखवा." तेवढं बोलून तिनं दुसऱ्या स्थळाला होकार दिला. संसार चांगला झाला, नवरा चांगला, मुलं मार्गी लागली. "दुःखात असती तर येऊन भांडली तरी असती," काका म्हणाले. "दिवाळीला येती, सगळं करून जाती. घरात परक्यावानी बसती."

तर हा पुरावा असा होता. बाकीच्या चार वह्या मधल्या वेळात झाल्या. जुने अंक चाळताना दिसत गेलं ते कापत गेले. खरं शोधणं एकाच कागदाचं चाललं होतं: आपल्या आधी कुणीतरी तो शब्द लिहिला होता, एवढं सिद्ध करणारा. त्यांच्यानंतरचे सापडत होते ढिगानं.

मी त्या दिवशी तशीच वर गेले. महिनाभर त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. आई मात्र जायची, चहा देऊन यायची. मी तिच्यावर चिडले तर म्हणाली, "माणूस वाईट नाय. भित्रा हाय. भित्र्यानं जास्ती वाटोळं होतं, ते खरं."

आणि नशीब बघा. पुढच्या वर्षी शाळेत जुनं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडं आलं. कुणीतरी देणगी दिलेले एका मासिकाचे बांधलेले खंड त्यात होते, वाळवीनं कडा खाल्लेले. मी एक उघडला आणि हात आपोआप शेवटच्या पानांकडं गेला. तिथं ते होतं. पुण्याकडच्या कुणा डॉक्टरची जाहिरात, तोच शब्द, त्याच जागी. अंकाची तारीख बघितली. वंदनाताई तेव्हा फार तर तिसरीत असतील.

मी ते पान फाडलं. वीस वर्षं मुलांना पुस्तक फाडू नये म्हणून शिकवलं आणि शाळेच्या खंडाचं पान फाडून पर्समध्ये घातलं. पण काकांना दिलं नाही. तीन आठवडे दिलं नाही. रोज बिडकीनला जाताना, येताना पर्स मांडीवर घेऊन बसायची आणि मनात म्हणायची, ह्या माणसाला मी का सोडवू? माझ्या वडिलांनी शब्दकोडं सोडवताना ती पानं दुमडून ठेवलेली मला आठवायची. खाली संध्याकाळी आवाज चालूच असायचे. शेवटी आईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दे टाकून. तेवढ्या कागदानं तो काय सुटत नाय, आन तू मात्र अडकून पडशील."

दिलं. काकांनी आधी पाठ बघितली, तिथं हातमागाच्या साड्यांची जाहिरात होती. मग तारीख तीनदा वाचली. मग हात धुऊन आले आणि परत वाचली. मला वाटलं आनंद होईल, निदान डोळ्यांत पाणी येईल. ते म्हणाले, "शाळेचं फाडलंत?" मी हो म्हटलं. "कशाला?" म्हणाले.

वंदनाताई पुढच्या रविवारी आल्या. पन्नाशीच्या, नीटस बाई, धपाटे आणि दही घेऊन. काकांनी मला मुद्दाम खाली बोलावलं, साक्षीदार म्हणून. टेबलावर कात्रण मांडलं. ताईंनी चष्मा लावला, वाचलं, तारीख वाचली, आणि कागद सरळ करून बापापुढं ठेवला.

"सापडलं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

"माझ्या आधीचं हाय," काका म्हणाले. "तू म्हणली होतीस."

"म्हटलं होतं. तेव्हा राग होता." ताईंनी चष्मा काढला. "बाबा, आता हे मला कशाला दाखवता? ती ओळ मला लिहिली नव्हती तुम्ही. ज्याला लिहिली होती त्याला दाखवा."

मग त्यांनी कप विसळले, आईला भेटून आल्या आणि चारच्या बसनं गेल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर मंगळवार बंद झाले. ब्लेड, पट्टी, खळीची वाटी तशीच टेबलावर. संध्याकाळी घरी यावं तर खिडकीत सामसूम. आवाजांची मला भीती वाटायची म्हणाले ना, ते नसण्याची जास्त वाटायला लागली. आई म्हणाली, "आता खाली कुणीच नाय." काका घरातच असायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो आणि काका पिशोरला भावाकडं गेले, ते तिथंच वारले. त्यामुळं गावी निघायच्या आदल्या दिवशी जे पाहिलं तेच शेवटचं.

सकाळ होती, पाण्याचा दिवस. मोटार लावून मी किल्ली द्यायला खाली गेले. काका आतल्या खोलीत सतरंजीवर बसले होते, पुढं पाट, पाटावर कोरा कागद. दाढी केलेली, धुतलेला सदरा. "बसा मॅडम," म्हणाले, "पत्र लिहायचंय. त्याला. बँकेतच असंल अजून, पत्ता लागंल. पण सुरुवातच जमंना." मी बसले. ते पेन हातात घेऊन म्हणाले, "तुमच्यात सुरुवात कशी करतात? जय भीम लिहू, का सप्रेम नमस्कार चालंल?"

माझ्या डोक्यात सणक गेली. सहा वर्षं ह्यांच्या डोक्यावर राहिलो, ह्यांच्या घरचं दही विरजणाला नेलं, माझी आई ह्यांना रोज चहा देत होती, आणि अजून 'तुमच्यात'. त्यांना कळलंही नव्हतं आपण काय बोललो. त्या क्षणी ते पोरानं अवघड गणित विचारावं तसे माझ्या तोंडाकडं बघत होते, म्हणून मी गिळलं.

"सगळ्यांच्यात नावानं करतात, काका," मी म्हटलं. "आधी त्यांचं नाव लिहा."

ते लिहायला वाकले आणि तसेच थांबले. पेन कागदाच्या वर. मग वर न बघता म्हणाले, "नाव मला ठाऊक नाय."

मला आधी समजलंच नाही.

"वंदना सांगत होती. मी आडनाव ऐकलं, आन बाकीचं ऐकलंच नाय."

त्यांनी फोन ओढला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवायचे. पलीकडं कुकरची शिट्टी होत होती. "बोला, बाबा," वंदनाताई म्हणाल्या.

"वंदे, त्याचं नाव काय होतं गं?"

"कुणाचं?"

"त्या खरातांच्या पोराचं."

आणखी एक शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला. मला वाटलं फोन कट झाला. मग ताई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, राग नाही, काही नाही, "मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं, बाबा." आणि फोन ठेवला.

"तीनदा, म्हणती," काका मला म्हणाले.

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याजवळ बसून राहावं असंही वाटत होतं. दोन्ही खरं. पण वर टाकी भरत आली होती, म्हणून उठले. दारातनं मागं बघितलं. त्यांनी कागदावर 'श्री.' लिहिलं, मग बोटभर जागा सोडली, पुढं 'खरात' लिहिलं, आणि त्या सोडलेल्या जागेवर पेन टेकवून बसून राहिले.